पहिल्या बेसवरचा आवाज

पिंपरी,
१० जानेवारी २०२५

आदरणीय मामांस,
रश्मीचा सप्रेम जय भीम. वि. वि.

हे पत्र ज्योतीरामदादांच्या हाती देते आहे. त्यांची कंपनीची बस शिफ्ट सुटल्यावर थेट तुमच्या वाडीच्या फाट्यावर थांबते, म्हणजे पोस्टाच्या आधी तुम्हाला मिळेल. फोनवर मी ओरडायचं आणि तुम्ही अंदाजानं हो म्हणायचं, त्यापेक्षा हे बरं. मागच्या खेपेला मी परीक्षा पास झाल्याचं सांगितलं, तर तुम्ही मुलगा काय करतो म्हणून विचारलंत! आई दोन दिवस हसत होती.

तर आता नीट लिहिते. मी बेसबॉलच्या पंचाची परीक्षा पास झाले. कॉलेजात मी हा खेळ खेळायचे हे तुम्हाला माहीत आहेच, बूट तुम्हीच घेऊन दिले होते. चाकणच्या पट्ट्यात जपानी आणि कोरियन साहेब आले तसे आठ कंपन्यांचे हौशी संघ उभे राहिलेत. एमआयडीसीला गुरुवारी सुट्टी, म्हणून सामने गुरुवारी. सगळे हौसेनं खेळतात आणि हौसेनंच भांडतात, कारण पंच त्यांच्यातलाच कुणीतरी असायचा. बॅटिंग ज्याची, त्याचाच माणूस आउट की सेफ ते सांगणार. दोन सामने तर कॉलर धरूनच संपले. ते बघताना मला वाटलं की इथे कुणाचीच नसलेली माणसं हवी आहेत, आणि ते काम आपण रीतसर धंदा म्हणून करू शकतो.

आम्ही चौघी आहोत. अनिता, हर्षाली, नीला आणि मी. उद्यम नोंदणी केली, कार्ड छापलं (एक सोबत पाठवते आहे), आकाशी शर्ट शिवून घेतले. एका सामन्याला दोघी जायच्या. मानधन दोन्ही संघांनी सारखं द्यायचं, तेही सामन्याच्या आधी. स्पर्धा भरवणारे दौलतराव म्हणून एक निवृत्त पर्सोनेल ऑफिसर आहेत. त्यांनी या वर्षी थोडे सामने देऊन बघतो म्हटलं आहे. काम पटलं तर पुढच्या वर्षीचे सगळे अठ्ठावीस सामने आमचे.

आईचं म्हणणं असं, की लोकांच्या भांडणात उभं राहायला पोरीला बी.कॉम. केलं नव्हतं. ती ज्या कंपनीच्या कॅन्टीनला आहे तिथल्या साहेबांना तिनं विनवून माझ्यासाठी स्टोअरमधली जागा धरून ठेवली आहे, आकुर्डीलाच. आमचं ठरलंय ते असं: चौदा एप्रिलपर्यंत पुढचा अख्खा सीझन हातात आला तर माझा धंदा, नाही आला तर पंधरा तारखेपासून स्टोअर. मी शब्द दिला आहे. अनितानं तर माझ्या भरवशावर पॅकिंगची नोकरी सोडली, त्यामुळे काळजी आहे ती तिचीच.

तब्येतीला जपा. लोभ आहेच, त्यात माझ्या या खुळासाठी थोडी जागा ठेवा.
तुमची,
रश्मी


वरची वाडी,
१४ जानेवारी २०२५

चि. रश्मीस,
मामाचा जय भीम आणि अनेक आशीर्वाद.

कार्ड मिळालं. शेजारच्या रंगनाथला दाखवलं तर तो म्हणाला, पंच म्हणजे पारावर बसून तंबाखू मळणारी म्हातारी माणसं, ही पोर कसली पंच? मी त्याला म्हटलं, तुझ्या पंचांनी तुझा बांध वीस वर्षं मोजला नाही, माझी भाची एका मिनिटात निकाल देते.

पण मलाही एक विचारायचं आहे. दाम घेऊन न्याय द्यायचा, हे बरं दिसतं का? रागावू नकोस. न कळणाऱ्यानं विचारलेलं बरं असतं.

तू कॉलेजात असताना हातानं खुणा करून दाखवायचीस ते मला आवडायचं. मूठ वर म्हणजे आउट, दोन्ही हात छातीपासून बाजूला पसरले म्हणजे सेफ. आमच्या फोर्जिंगमध्ये, म्हणजे तापलेलं लोखंड ठोकायच्या कारखान्यात, असंच होतं. हॅमर चालू असताना बोलणं कुणाला ऐकू येणार? सत्तावीस वर्षं आम्ही हातानंच बोललो. खूण अर्धवट केली तर समोरच्याची बोटं जायची. म्हणून सांगतो, हात उचललास तर पुरा उचल. शंका असली तर थोडी थांब, पण अर्धा हात नको.

कस्तुराला सांग, पोरीला फार बोलू नकोस. ती माझी धाकटी बहीण आहे पण तिला मीच भितो, हे मात्र सांगू नकोस.

जेवत जा वेळेवर. माया पातळ होऊ देऊ नये.
तुझा,
धोंडीबामामा


पिंपरी,
७ फेब्रुवारी २०२५

आदरणीय मामांस,
सप्रेम जय भीम. वि. वि.

तुमचा प्रश्न मी तिघींना वाचून दाखवला. त्यावर आमची तासभर चर्चा झाली. माझं उत्तर असं: फुकटचा पंच कुणाचा तरी मित्र असतो, नाहीतर कुणाचा तरी साहेब. आम्ही दोघांकडून सारखं घेतो म्हणून दोघांचंही देणं लागत नाही. न्याय विकत नाही मामा, आम्ही फक्त वेळेवर येतो, नियम पाठ करून येतो आणि कुणाच्याच नसतो. त्याचा दाम.

कुणाचंच नसणं हे मात्र फार अवघड काम आहे. आम्ही कुठल्याच संघाचा चहा घेत नाही. आई सकाळी थर्मास भरून देते आणि वर म्हणते की एवढा आव कोर्टातले जजसुद्धा आणत नसतील. खेळाडूंनी मोबाईलवर मैत्री मागितली तर घ्यायची नाही. सामन्याआधी दोन्ही कप्तानांबरोबर दहा मिनिटांची बैठक, संध्याकाळी दौलतरावांना एक पानी अहवाल. आतापर्यंत सहा सामने झाले आणि एकाही सामन्यात कॉलर धरली गेली नाही! सीटवाल्यांचे कप्तान रंगराव तेवढे तापट आहेत. (इथे संघांना मालावरून ओळखतात: सीटवाले, गिअरवाले, काचवाले.) परवा हर्षालीला म्हणाले, ताई, चष्मा घरी राहिला का? तिनं शांतपणे सांगितलं की माझ्याकडे चष्माच नाही, तुमचा देता का? स्वतःच हसले.

एक गंमत तुम्हाला सांगायचीच होती. पहिल्या बेसवर सगळ्यात जास्त वाद होतात. बॅट मारून पळत आलेला आधी बेसच्या पिशवीवर पाय टेकतो, की तिथे उभ्या खेळाडूच्या ग्लोव्हमध्ये चेंडू आधी पोचतो? डोळे दोन्हीकडे एकदम बघू शकत नाहीत. म्हणून पंचाला शिकवतात, नजर पायावर ठेव आणि चेंडू कानानं ऐक. ग्लोव्हमध्ये चेंडू बसला की थप्प असा आवाज येतो. तो पायाच्या आधी आला तर आउट. आमचं मैदान एका फोर्जिंग शॉपच्या भिंतीला लागून आहे, पण गुरुवारी तिथे शांत असतं.

सहा मार्चला सेमीफायनल आहे, गिअरवाले आणि सीटवाले. पहिल्या बेसवर मी, बॅटवाल्याच्या मागे अनिता. तुम्ही याल का? ज्योतीरामदादा आणतो म्हणालेत. एकच विनंती आहे. तिथे मी तुम्हाला ओळख दाखवणार नाही, आणि तुम्ही कुठल्याच संघाच्या बाजूला बसायचं नाही. भिंतीकडेला सिमेंटची पायरी आहे, तिथे बसा. वाईट वाटून घेऊ नका.

वाट बघते. ओळख दाखवली नाही तरी लोभ तेवढाच आहे असं धरून चालावं.
तुमची,
रश्मी


वरची वाडी,
७ मार्च २०२५

चि. रश्मीस,
आशीर्वाद.

काल तुला पाहिलं. आकाशी शर्टात उभी होतीस आणि बाजूला एवढी माणसं ओरडत होती, पण तू कुणाकडे बघत नव्हतीस. तुझे वडील असायला हवे होते. मी पायरीवर एकटा बसलो, सांगितल्याप्रमाणे. वाईट वाटलं नाही. थोडं वाटलं.

आता जे लिहायचं ते लिहू की नको, असं सकाळपासून चाललंय. दोनदा कागद बाजूला ठेवला.

शेवटचा डाव होता. गिअरवाल्यांचे चार, सीटवाल्यांचे तीन. सीटवाल्यांचे दोन गडी आधीच आउट होते, आणखी एक गेला की खेळ संपणार; त्यांचा एक गडी तिसऱ्या बेसवर टपून होता, तो घरच्या बेसला पोचला असता तर बरोबरी झाली असती. बॅटवाल्यानं चेंडू जमिनीलगत मारला आणि पहिल्या बेसकडे पळाला. तुझी मूठ वर गेली. पुरी वर गेली, अर्धी नाही. सगळे गिअरवाले मैदानात धावले, सामना संपला.

रश्मी, मला ऐकू येत नाही. म्हणून मी तुझ्यासारखा ऐकत नव्हतो, नुसता बघत होतो. आणि पायरीवरून मला सगळं बाजूनं, एका नजरेत दिसत होतं. त्या पोराचा बूट पिशवीवर टेकला तेव्हा चेंडू ग्लोव्हच्या अजून हातभर अलीकडे होता. पण त्याच क्षणी माझ्या पायाखालची पायरी हादरली. माझे कान गेलेत, तळपाय गेले नाहीत. तो भिंतीपलीकडचा हॅमर होता. ज्योतीरामला विचारलं तर म्हणाला, मार्च एंड आहे, त्या शॉपला गुरुवारीही ओव्हरटाइम लावलाय, दुपारनंतर हॅमर चालू झाला.

तू चेंडू ऐकलास की हॅमर, ते तुलाच माहीत. मी म्हातारा माणूस, खेळातलं मला कळत नाही. चुकत असेन तर हसून सोडून दे.

माझ्यावर रुसू नकोस, एवढंच मागणं.
तुझा,
धोंडीबामामा


पिंपरी,
९ मार्च २०२५

आदरणीय मामांस,
सप्रेम जय भीम. वि. वि.

रुसले होते, आधी तेच सांगते. ज्योतीरामदादांनी पत्र दिलं ते बसस्टॉपवरच उभ्यानं वाचलं आणि मनात म्हटलं, ज्यांना ऐकू येत नाही ते मला ऐकायला शिकवणार! रंगरावांसारखा माणूससुद्धा त्या दिवशी काही बोलला नव्हता. टोपी काढून गेला. गिअरवाल्यांच्या जपानी साहेबांनी तर माझ्यापुढे वाकून नमस्कार केला. एवढ्या सगळ्यांनी मान्य केलं आणि माझ्याच मामानं नाही.

पण राग फार टिकला नाही, कारण मला तो आवाज आठवत राहिला. जरा जाड होता.

काल शनिवार, म्हणजे हॅमर चालू. मी अनिता आणि हर्षालीला घेऊन मैदानावर गेले. हर्षाली बेसवर ग्लोव्ह घेऊन उभी राहिली, अनितानं लांबून थ्रो टाकायचे, आणि मी नेहमीच्या जागी उभी राहून नुसता बेस बघत चेंडू आला म्हणायचं. वीस थ्रो टाकले. पाच वेळा मी चेंडू आला म्हटलं तेव्हा चेंडू हवेत होता. मामा, त्या भिंतीजवळ दोन आवाज वेगळे काढता येत नाहीत. शेवटी मी ग्लोव्ह मागून घेतला आणि तिथेच पिशवीवर बसले.

तुमचं खरं आहे. मी हॅमर ऐकला. तो मुलगा सेफ होता.

नियमाप्रमाणे आता काहीही बदलत नाही. पंचाचा निर्णय मैदानावरच संपतो, फायनल गुरुवारी गिअरवाल्यांचीच. मी बोलले तर सीटवाल्यांना काही परत मिळणार नाही, आमचं मात्र सगळं जाईल. दौलतराव फायनलनंतर पुढच्या सीझनचं ठरवणार आहेत. अनिता म्हणाली की कुणालाच कळलेलं नाही, ज्यांना कळलं ते तुझे सख्खे मामा आहेत, मग दवंडी कशाला पिटायची? आणि मग तिनं विचारलं की पॅकिंगला परत घेतील का गं मला. मला तिच्याकडे बघवेना.

आईला अजून सांगितलेलं नाही. काय करू, ते तुम्ही सांगा. बुधवारी संध्याकाळी कप्तानांची बैठक आहे.

तुमच्यावर रागावल्याबद्दल कान धरते. उत्तराची घाई करावी.
तुमची,
रश्मी


वरची वाडी,
११ मार्च २०२५

चि. रश्मीस,
आशीर्वाद.

ज्योतीरामला बसमध्ये चढता चढता हे देतोय. अक्षर वाकडं आहे.

मी ते पत्र लिहायला नको होतं. शहाणपणा दाखवायची हौस म्हातारपणी फार होते. तू काही बोलू नकोस. सीझन हातात येऊ दे, मग पुढच्या वर्षी हॅमर चालू असला तर काय करायचं त्याचा नियम कर. झालं ते झालं.

तू म्हणशील, मामा फोर्जिंगमध्ये काय करत होते? तर सांगतो. आमच्याकडे नग बिघडला तर ज्यानं बिघडवला त्यानंच त्याला लाल रंग लावून बाजूला ठेवायचा, कुणी विचारायच्या आधी. मी पुष्कळ लाल केलेत. पण लाल केला म्हणून मला कुणी घरी पाठवलं नाही. युनियन होती, पर्मनंट होतो. तुझ्यामागे कोण आहे? तुझा लाल नग बघून लोक दुकानच बंद करतील. खरेपणा पर्मनंट माणसाला परवडतो.

कस्तुरानं तुझ्या वडिलांच्या मागे काय सोसलं ते मी पाहिलंय. तिच्या तोंडाकडे बघ. माझं ऐक, गप्प राहा.

काळजीत टाकलं तुला. माझ्यावरचा लोभ कमी झाला तरी चालेल, जेवण कमी करू नकोस.
तुझा,
धोंडीबामामा


पिंपरी,
१४ मार्च २०२५

आदरणीय मामांस,
सप्रेम जय भीम. वि. वि.

तुमचं ऐकलं नाही. पहिल्यांदाच.

तुमचं पत्र चार वेळा वाचलं, आणि तुम्ही गप्प राहा म्हणालात तरी माझ्या डोळ्यांपुढे तो लाल रंगच राहिला. नग रंगवला नाही तर तो पुढे कुणाच्या तरी गाडीत बसतो. आम्ही विकतो ते दुसरं काही नाहीच मामा, आमच्या शब्दावर लोक भांडण थांबवतात, एवढाच आमचा माल. तो बिघडलाय हे मला माहीत असताना मी पुढच्या वर्षीच्या अठ्ठावीस सामन्यांची ऑर्डर घेतली असती, तर दर गुरुवारी मला माझाच हात जड झाला असता.

आधी अनिताला सांगितलं. ती रडली, मग म्हणाली की एकटी जाऊ नकोस, मी येते, निदान तू पडलीस तर उचलायला कुणीतरी हवं.

बैठकीत आठही कप्तान होते. मी उभी राहून सांगितलं की सहा तारखेचा शेवटचा निर्णय चुकीचा होता, चूक माझी होती, आणि ती कशी झाली तेही सांगितलं. निकाल बदलत नाही, पण उद्याच्या फायनलला आम्ही उभ्या राहणार नाही हे सांगितलं. हॅमर चालू असेल तेव्हा पहिल्या बेससाठी तिसरी पंच लागेल, तिनं फक्त ग्लोव्ह बघायचा, ही नवी पद्धत लिहून नेली होती, तोही कागद दिला.

गिअरवाल्यांचे कप्तान भडकले. म्हणाले, म्हणजे आम्ही चोरून जिंकलो असं गावभर करायचंय का तुम्हाला? मला त्यांचं चूक वाटलं नाही. दौलतराव म्हणाले, अहो ताई, भाजीवालीसुद्धा आपलं किडकं वांगं आपण होऊन दाखवत नाही. कुणीतरी हसलं. रंगराव नुसते माझ्याकडे बघत बसले होते. ओरडले असते तर बरं झालं असतं.

दौलतरावांनी ठरवलं ते असं: प्रत्येक कंपनीनं या महिनाअखेर लेखी कळवायचं की हे पंच चालतील की नाही. ज्या सामन्यात दोन्ही संघांचा होकार असेल तोच आम्हाला.

कालची फायनल पुण्याहून आलेल्या पंचांनी केली. आईला आता सगळं माहीत आहे. तिनं थर्मास धुऊन फळीवर ठेवला. तुमच्या सात तारखेच्या पत्राचं मी सांगितलं तेव्हा तिनं एवढंच विचारलं की दादानं लिहिलं होतं का हे? तुम्ही जरा जपून असा.

तुमचं न ऐकणाऱ्या भाचीला पदरात घ्यावं.
तुमची,
रश्मी


पिंपरी,
६ एप्रिल २०२५

आदरणीय मामांस,
सप्रेम जय भीम. वि. वि.

आठही उत्तरं आली. होकार देणारे पाच. पहिला कागद सीटवाल्यांचा होता, रंगरावांच्या सहीचा. खाली त्यांनी पेनानं लिहिलंय की हे पंच चुकले तर आम्हाला कळेल तरी, बाकीच्यांचं कोण सांगणार? तेवढं वाचून अनितानं मला उचलून गोल फिरवलं. गिअरवाले, काचवाले आणि आणखी एक संघ नाही म्हणालेत.

पाच संघांचे आपापसात सामने होतात दहा. अठ्ठावीसांतले दहा. दोघींना पुरतील, चौघींना नाही. हर्षाली आणि नीलानं दुसरीकडे कामं धरली आहेत. जाताना दोघींनी शर्ट इस्त्री करून परत दिले, तेव्हा मी घरात आत निघून गेले.

मामा, माझा आईला दिलेला शब्द अख्ख्या सीझनचा होता. दहा म्हणजे अख्खा नव्हे. लोकांपुढे आपली चूक कबूल करणाऱ्या मुलीनं घरात शब्द फिरवायचा, हे बरं नाही. पंधरा तारखेपासून मी स्टोअरला जाईन. गुरुवारी सुट्टी असली तर सामने करीन, पण आई म्हणते की तिच्या कंपनीच्या स्टोअरला मात्र सुट्टी रविवारची आहे. दहा सामने अनिताच्या नावावर करून देते, ती दुसरी कुणी जोडीदार शोधेल. तिच्यात माझ्यापेक्षा जास्त धीर आहे.

मी रडत नाहीये. तुम्ही विचाराल म्हणून आधीच लिहिलं. एवढंच वाटतं, की आईनं एकदा तरी सामना बघितला असता.

उन्हात फिरू नका. लोभ असावा, आता स्टोअरच्या पत्त्यावर.
तुमची,
रश्मी


वरची वाडी,
११ एप्रिल २०२५

चि. रश्मीस,
मामाचा जय भीम आणि पुष्कळ आशीर्वाद.

काल तुझी आई येऊन गेली. तुला आळंदीला मावशीकडे जाते म्हणून सांगून निघाली होती, ती दोन बस बदलून इथे आली. जयंतीसाठी मला पांढरा शर्ट आणला होता. तो माझ्या अंगावर फेकला आणि भांडायला सुरुवात केली. माझ्या कानाशी तोंड आणून ओरडत होती, त्यामुळे मला अर्धं कळलं आणि वाडीला सगळं कळलं. म्हणाली, दादा, तुझे कान गेले तेव्हा डोळेही गेले असते तर माझ्या पोरीचा धंदा वाचला असता! एवढ्या माणसांत तुलाच बरा तो पाय दिसला! बरोबर होतं तिचं.

मग दमली. पाणी प्यायली. खाटेवर बसून पदराचं टोक बोटाला गुंडाळत राहिली. नंतर विचारलं की ती तिथे उभी कशी राहते रे? मी म्हटलं, तुला माहीत नाही? तर म्हणाली, मी थर्मास भरायची, एवढंच. कुणी आपल्याला ये म्हटलंय का? कुणाचंच नसायचं असतं ना तिथे.

मग मी तिला अंगणात उभी केली. पिशवी म्हणून पोतं टाकलं. वाकून कसं बघायचं ते दाखवलं, मूठ वर करून आउट दाखवलं, दोन्ही हात पसरून सेफ दाखवलं. तिनं पदर खोचला आणि करून बघितलं. आउट तिला लगेच जमलं, जन्मभर मला तेच करत आलीय. सेफ जमेना, हात अर्धेच उघडायची. मी तीन वेळा हात धरून पुरे करून घेतले. शेजारचा रंगनाथ कुंपणावरून बघत होता. तिनं त्यालाच दटावलं, काय बघतोस, पंच बघितला नाही का कधी?

जेवताना सांगितलं ते असं. बुधवारी ती कॅन्टीनच्या साहेबांकडे गेली होती. म्हणाली, साहेब, माझी पोरगी स्टोअरला येणार नाही, जागा दुसऱ्याला द्या. साहेब म्हणाले, अहो बाई, तुम्हीच सहा महिने मागे लागला होता, आता काय झालं? ही म्हणाली, तिला दहा सामने आहेत. साहेब हसले, वर्षाला दहा? तर हिनं सांगितलं, व्हय, दहा. तुमच्या स्टोअरला कुणीबी चालंल साहेब. या दहा जागी तिलाच बोलावलंय, चुकली ते ठाऊक असून बोलावलंय.

रश्मी, तू तिला शब्द दिला होतास, आता तिनं तो तुला परत दिलाय. अनिताला दुसरी जोडीदार शोधायला सांगू नकोस.

हे सगळं मी तुला सांगायचं नाही, अशी शपथ कस्तुरानं निघताना फाट्यावर घातली आहे. ती स्वतः चौदाला सांगणार आहे, सगळ्यांचं जेवण झाल्यावर. तोवर काही माहीत नाही असं तोंड कर, पण ती बोलायला लागली की मध्येच थांबवू नकोस, पुरं ऐकून घे. मी तोंडानं कुणाला काही सांगणार नाही असं तिला कबूल केलं होतं, आणि अजून सांगितलेलं नाही.

लिहायचं नाही असं ती बोलली नव्हती. आमच्या दोघांवरही माया ठेव, तिच्यावर थोडी जास्त.
तुझा,
धोंडीबामामा